साथीचे वृत्त आणि गुन्ह्याचे वृत्त : १८९७ ते २०२०

गोव्याच्या उत्तर सीमेवरील पेडणे व डिचोली या तालुक्यांत मराठी वृत्तपत्र वाचण्याची सवय जुनी आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू होऊन पत्रादेवी व दोडामार्गच्या नाक्यांवरील ये-जा थांबली. २५ मार्चला गोव्यात पहिले तीन रुग्ण आढळले. तिघेही परदेशातून परतलेले होते. त्यांची ओळख वय आणि प्रवासाचा देश यांवरून सांगितली गेली. आठवडाभरातच दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजचे वृत्त आले आणि ही रीत बदलली. रुग्णांची ओळख आता धर्माच्या नावाने होऊ लागली.

याचे एक कारण कायद्याच्या रचनेत सापडते. १८९७ च्या साथरोग कायद्याचे कलम ३ असे की, साथीविषयीच्या आदेशाचा भंग हा २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंडसंहितेच्या कलम १८८ खालील गुन्हा समजावा. त्यामुळे आजाराचा प्रश्न दवाखान्यातून पोलीस ठाण्यात जातो आणि आरोग्यवार्ता गुन्हेवार्ता बनते. गुन्हेवार्तेला माहिती मुख्यतः पोलिसांकडूनच मिळते; आरोपीची बाजू तेथे क्वचितच येते.

हा कायदा मुंबईतील प्लेगच्या काळात झाला. पेडणे-डिचोली तेव्हा पोर्तुगीज अमलात असल्याने तो तेथे लागू नव्हता. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा मुंबईच्या अँग्लो-इंडियन पत्रांनी पुण्याच्या ब्राह्मणांकडे बोट दाखवले. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईच्या मदनपुऱ्यात एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली, तेव्हा दोष मुसलमान विणकरांच्या, म्हणजे जुलाह्यांच्या, माथी आला. म्हणजे शिक्का एकाच समाजासाठी राखून ठेवलेला नव्हता. घरात शिरून होणाऱ्या तपासणीची भीती मात्र दोन्ही शहरांत सारखीच होती, आणि ती समजून घेण्याऐवजी जात किंवा धर्म सांगणे सोपे होते.

२०२० मध्ये आकड्यांनीही हेच काम केले. १८ एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एकूण १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१ जणांचा संबंध मरकजशी जोडला. ज्या गटाचा शोध कसून होतो, त्यात रुग्णही अधिक सापडतात. मथळ्यात हे येत नाही. शिवाय इतर कोणत्याही जमावाची अशी वेगळी बेरीज रोज दिली जात नव्हती.

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात २९ परदेशी नागरिकांवर नोंदवलेले गुन्हे रद्द केले. माध्यमांत त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार झाला आणि साथीच्या काळात त्यांना बळीचा बकरा करण्यात आले, असे निकालपत्रात म्हटले आहे. दुसरे न्यायमूर्ती निष्कर्षाशी सहमत होते, पण काही निरीक्षणांशी नव्हते. ही नोंदही सांगितली पाहिजे. पणजीचे खंडपीठ याच न्यायालयाचे असल्याने गोव्यासाठी हा निकाल परका नाही.

१५ डिसेंबर २०२० रोजी दिल्लीच्या न्यायालयाने ३६ परदेशी नागरिकांची निर्दोष मुक्तता केली. १७ जुलै २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ७० भारतीयांविरुद्धची १६ आरोपपत्रे रद्द केली. परदेशी पाहुण्यांना टाळेबंदीत आसरा दिला, हाच त्यांच्यावरील आरोप होता.