न भुंकणारें कुत्रें

कुत्र्याची ओळख भुंकण्यावरून पटते हा सार्वत्रिक समज. परंतु मध्य आफ्रिकेंतील कांगो नदीच्या अरण्यांत एक जात अशी आहे, कीं तिच्या तोंडून भुंकणें सहसा ऐकूंच येत नाहीं. तिचें नांव बासेंजी. ही जात मुकी मात्र नव्हे. हर्ष झाला असतां ती गाणें व आरोळी यांच्या मधला असा चढउताराचा स्वर काढते. गुरगुरणें व किंचाळणेंहि तिला येतें. झाडींत या अबोल कुत्र्याचा माग लागावा म्हणून तेथील शिकारी त्याच्या गळ्यांत लाकडी घंटा बांधीत.

प्राचीन मिसर देशाच्या थडग्यांवरील चित्रांत उभ्या कानांचीं, वळलेल्या शेपटीचीं कुत्रीं दिसतात. तींच बासेंजीचे पूर्वज असें पुष्कळ सांगतात. परंतु केवळ चित्रावरून वंशावळ लावणें धाडसाचेंच.

युरोपांत मात्र हें कुत्रें मोठ्या कष्टानें रुजलें. १८९५ सालीं लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनांत एक जोडी आली, ती लवकरच डिस्टेंपरला बळी पडली. १९२३ सालीं लेडी हेलन नटिंग यांनीं सुदानांतून सहा कुत्रीं आणलीं. त्याच रोगाची प्रतिबंधक लस टोंचल्यावर तींहि दगावलीं. रक्षणासाठीं योजलेला उपायच घातक ठरावा, ही दैवाची थट्टाच! अखेर ऑलिव्हिया बर्न यांनीं आणलेलीं कुत्रीं तगलीं, आणि १९३७ सालीं क्रफ्ट्समध्यें त्यांना पाहण्यास झुंबड उडाली.

हें मौन शिकवणुकीचें कीं रक्तांतलें? अमेरिकेंतील बार हार्बर येथें स्कॉट व फुलर या शास्त्रज्ञांनीं बासेंजीचा वाचाळ कॉकर स्पॅनियलशीं संकर केला. त्यांचा ग्रंथ १९६५ सालीं निघाला. संकरित पिलें कॉकरप्रमाणेंच सहज भुंकूं लागलीं. म्हणजे मौन रक्तांतलें, पण भुंकण्यापुढें हार खाणारें. बासेंजीची मादी लांडगीप्रमाणें बहुधा वर्षांतून एकदांच माजावर येते, हेंहि तिचें वेगळेपण.

परंतु मूठभर कुत्र्यांपासून वंश वाढला, त्याचें मोल द्यावें लागलें. फॅन्कोनी नांवाच्या मूत्रपिंडाच्या विकारानें या जातीला ग्रासलें. शरीराची साखर लघवीवाटे वाहून जाऊं लागली. तेव्हां १९८७ व १९८८ सालीं अमेरिकन शोकिनांनीं त्या वेळच्या झैर देशांत जाऊन खेड्यापाड्यांतून नवें रक्त आणलें. शुद्ध वंशाचा अभिमान बाळगणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबनें १९९० सालीं या कुत्र्यांसाठीं आपली नोंदवही उघडली, आणि त्यांच्याबरोबरच वाघासारख्या पट्ट्यांचा रंगहि तेथें मान्य झाला.