लसीचा हंगाम कोण ठरवतो?

बंगालचा काही काळ गव्हर्नर राहिलेल्या जॉन झेफनाया हॉलवेलने 1767 मध्ये लंडनच्या वैद्यांसाठी बंगालमधल्या देवी टोचणाऱ्या टीकादारांची हकिकत लिहिली. काशी, प्रयाग, वृंदावन इथून ब्राह्मणांचे छोटे छोटे जथे निघत आणि देवीची साथ सुरू व्हायच्या काही आठवडे आधी बंगालमध्ये पोचत. आदल्या वर्षी टोचलेल्यांच्या फोडांतला पू कापसात जपून ठेवलेला असे. ताजा पू ते वापरत नसत. टोचून घेणाऱ्याला महिनाभर आधीपासून मासे, दूध, तूप वर्ज्य. ही पद्धत धोक्याची होती, कारण टोचला जाई तो खऱ्या देवीचाच अंश. टोचलेल्या माणसापासून दुसऱ्याला देवी येऊ शकत आणि काही जण दगावतही. तिच्यावर पुढे बंदी आली, ती योग्यच होती. मात्र त्या टीकादारांचे पंचांग चुकीचे नव्हते. जंतूंची कल्पनाही नसताना त्यांनी एवढे ओळखले होते, की साथ गावात शिरायच्या आत टोचून झालेले असले पाहिजे.

देवीवरची जेन्नरची लस भारतात आली ती वेगळे गणित घेऊन. बगदाद, बसरा असा प्रवास करत ती मुंबईला पोचली आणि 14 जून 1802 रोजी अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचल्यावर ती लागू पडली. महिना जूनचा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचा, पण तिथे मुहूर्त पाहायला सवडच नव्हती. हाताशी आलेली लस जिवंत असेतोवर वापरायची, एवढेच शक्य होते. दोऱ्यात मुरवून किंवा काचांमध्ये वाळवून पाठवलेली लस उन्हाळ्यात वाटेतच मरे. म्हणून एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडावर अशी साखळी चालवावी लागे. ती तुटली की पुन्हा बाहेरून लस येईपर्यंत काम ठप्प. 1827 पासून मुंबई इलाख्यात फिरत्या टोचणाऱ्यांची पद्धत सुरू झाली. हे लोक गावोगाव जात आणि त्यांच्यावर युरोपीय देखरेख असे. पावसाळ्यात वाटा बंद आणि उन्हाळ्यात लस निकामी, तेव्हा उरले हिवाळ्याचे महिने. ‘देवी डॉक्टर’ गावात यायचा तो सुगीच्या आगेमागे, निम्मा गाव रानात असताना. सरकारी अहवालांत ‘लसीकरणाचा हंगाम’ म्हणून जो कालखंड दिसतो, तो असा लसीच्या नाजूकपणातून आणि रस्त्यांच्या अवस्थेतून ठरलेला होता.

यावर कोणी म्हणेल, मग बिघडले कुठे? देवीचा जोर फाल्गुनापासून वैशाखापर्यंत, म्हणजे हिवाळ्यात टोचणे साथीच्या आधीच होत होते. हा आक्षेप खरा आहे, आणि माझ्या मते गोम तिथेच आहे. रोगाचा हिशेब, लसीच्या टिकाऊपणाचा हिशेब आणि नोकरांच्या सोयीचा हिशेब हे तिन्ही देवीच्या बाबतीत योगायोगाने जुळले. जुळल्यामुळे ते तीन वेगळे हिशेब आहेत हेच कोणाला जाणवले नाही, आणि थंडी म्हणजे लसीचा काळ ही समजूत पक्की झाली. विसाव्या शतकाच्या मध्यावर लेस्ली कोलियर यांनी गोठवून वाळवलेली लस मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची रीत बसवली. 37 अंशांतही महिनाभर टिकेल अशी लस हाती आली आणि हवामानाची सक्ती संपली. देवी निर्मूलनाच्या अखेरच्या मोहिमेने ही मोकळीक नीट वापरली. देवीचा जोर सर्वांत कमी असे तो काळ पावसाळ्यानंतरचा. नेमक्या त्या काळात, 1973 च्या शरदात, घरोघर रुग्णशोध सुरू झाला, आणि सापडलेल्या प्रत्येक रुग्णाभोवतीच्या लोकांना लस दिली गेली. शत्रू दुबळा असताना गाठायचा, हा त्यामागचा विचार. मे 1975 मध्ये देशातल्या देशात लागण झालेल्या देवीच्या शेवटच्या रुग्णाची नोंद झाली.

फ्लूच्या लसीत मात्र हे तीन हिशेब उघडच फाटले आहेत. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो. 1947 मध्ये अमेरिकेत आदल्या वर्षांची लस निरुपयोगी ठरली, तेव्हा ते सर्वांना कळून चुकले. आता जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी लसीत कोणते विषाणू असावेत हे सुचवते. कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून लस बाजारात यायला साधारण सहा महिने जातात. भारत विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणून उत्तरेची लस घ्यायची आणि ती ऑक्टोबरात टोचायची, हे नकाशापुरते सरळ आहे. पण पुण्या-नागपुरात फ्लू चढतो तो जुलै ते सप्टेंबर, ऐन पावसात. श्रीनगरात तो कडाक्याच्या थंडीत येतो, चेन्नईत ऑक्टोबर-नोव्हेंबरात. 2009 च्या साथीत पुणे हादरले तेही ऑगस्टमध्येच. ऑक्टोबरात टोचलेल्या पुणेकराची प्रतिकारशक्ती जुलैपर्यंत नऊ महिने जुनी होते आणि तोवर ती बरीच ओसरलेली असते. श्रीनगरच्या माणसाला हाच ऑक्टोबर अगदी योग्य.

दोन्ही गोलार्धांच्या लसींत कित्येकदा फारसा फरक नसतो, मग एवढा काथ्याकूट कशाला, असाही प्रश्न येतो. फरक नसेल तर उलट वेळच निर्णायक ठरते. लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, आणि त्यासाठी एप्रिल-मे हा महाराष्ट्राचा काळ आहे. दक्षिण गोलार्धासाठी बनलेली लस त्या सुमाराला मिळू शकते. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: एका देशात दोन-तीन हंगाम ठेवले तर गोंधळ होईल. थोडा होईलही. पण शेतकऱ्याला पेरणीची तारीख जिल्ह्यागणिक वेगळी सांगता येते, तर डॉक्टरला लसीची सांगता येणार नाही असे नाही. गर्भवतींना तर महिन्याची वाट न पाहता, असेल ती चालू लस द्यावी.

लस विकणाऱ्या औषध दुकानदाराने आणि टोचणाऱ्या दवाखान्याने म्हणून खोक्यावरचे साल आणि गोलार्ध दोन्ही वाचावेत, साठा 2 ते 8 अंशांत ठेवावा आणि गोठू देऊ नये. आणि साठ वर्षांवरचे, मधुमेही, दम्याचे असे जे गिऱ्हाईक नेहमीच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला येतेच, त्याला मे संपायच्या आत आठवण करून द्यावी.