मावळची थंडी, शिकारीची बैठक आणि आपली घोंगडी

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजांच्या वंशावळी डोळ्यांपुढे येतात. परंतु ज्या वस्त्राने या प्रांतातील सामान्य माणसाला शेकडो हिवाळे जगवले, त्याचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. ते वस्त्र आपल्याच ज्ञातीच्या हातून निर्माण झालेले असल्याने त्याची नोंद या स्मरणिकेत व्हावी, असे आम्हास वाटते. देहूरोड व मावळ भागात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना तर हा विषय घरचाच आहे.

मावळचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. थंडीची कल्पना मात्र बाहेरच्यांना नसते. पौष-माघात आकाश निरभ्र झाले म्हणजे दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने सोडते. गार झालेली जड हवा डोंगरउतारांवरून खाली सरकते आणि इंद्रायणी व पवना यांच्या खोऱ्यांत साचून राहते. त्यामुळे पहाटे डोंगराच्या माथ्यापेक्षा नदीकाठच्या शेतातच हुडहुडी अधिक भरते. पुण्याच्या वेधशाळेत दिनांक 17 जानेवारी 1935 रोजी पारा 1.7 अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. अशा रात्री उघड्या रानात बसून राहणे हे धाडसाचेच काम होते.

आणि तसे बसणे पूर्वी अनेकांना भाग असे. मृगया हा राजेलोकांचा छंद होता. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मृगयेचे सविस्तर वर्णन केले आहे. पेशवाईच्या अखेरीस पुण्यास आलेला इंग्रज वकील माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हाही घोड्यावरून भाल्याने रानडुकरे मारण्याच्या खेळाचा मोठा शौकीन होता. परंतु मावळच्या शेतकऱ्याची, कातकऱ्याची वा कोळ्याची शिकार या जातीची नव्हती. त्याला पीक राखायचे असे किंवा घरच्यांच्या मुखी चार घास घालायचे असत. राजाच्या शिकारीत हाके घालणारे शेकडो, तंबू आणि शेकोट्या असत. इथे एकटा माणूस पाणवठ्याजवळ किंवा शेतातील माळ्यावर, विस्तव न पेटवता रात्र काढी. कारण धूर आणि उजेड यांनी जनावर सावध होते.

शिकारीतील थंडीचे खरे कोडे येथेच आहे. चढण चढताना माणूस घामाघूम होतो आणि त्यानंतर त्याला तासन् तास निश्चल बसावे लागते. ओले सुती कापड अंगाला चिकटते, आणि हवेच्या मानाने पाणी वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून चढण चढताना घोंगडी अंगावर न घेता खांद्यावर टाकावी, घाम वाळू द्यावा आणि बैठकीला टेकल्यावरच ती पांघरावी, ही शहाणपणाची रीत ठरते. घोंगडीचा अर्धा भाग खाली अंथरावा व अर्धा वर ओढावा, हेही तितकेच महत्त्वाचे. कारण थंडी वाऱ्याइतकीच जमिनीकडूनही चढते. खाली भाताचा पेंढा असेल तर अधिकच बरे. डोक्याला मुंडासे आणि पोटात भाकरी असावी. मद्याने ऊब येते, ही समजूत मात्र घातक आहे. त्याने कातडीखालील रक्तवाहिन्या फुलतात, क्षणभर गरम वाटते, आणि अंगातील उष्णता उलट बाहेर निघून जाते.

आता घोंगडीकडे वळू. दख्खनी मेंढी ही काटक, बहुधा काळ्या लोकरीची जात. तिची लोकर वर्षातून दोनदा कातरतात, तरी वर्षाकाठी एका मेंढीमागे किलोभरही लोकर मिळत नाही. ही लोकर जाडीभरडी असते. तिच्या पुष्कळ तंतूंचा गाभा पोकळ असल्याने त्यात व तंतूंच्या मधल्या जागेत हवा कोंडून राहते, आणि स्थिर हवा हेच सर्वांत मोठे पांघरूण होय. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही, आणि बाष्प शोषताना किंचित उष्णताही सोडते. दव पडणाऱ्या मावळात याहून योग्य वस्त्र कोणते? मात्र ती पूर्ण भिजली की फार जड होते व वाळता वाळत नाही. रेंगाळलेल्या कामाला आपण ‘भिजत घोंगडे’ म्हणतो, ते या अनुभवाला किती साजेसे आहे!

ही घोंगडी सिद्ध करण्यास सारे घर लागे. पुरुष लोकर कातरीत व पिंजीत. स्त्रिया चरख्यावर सूत काढीत. ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन तो कुंच्याने साफ करीत आणि मग मागावर विणकाम होई. कोकराच्या पहिल्या मऊ लोकरीची, म्हणजे जावळाची, घोंगडी विशेष मानाची. आपल्यातील खुटेकर आणि विणकामाचा व्यवसाय करणारे सनगर बांधव यांनी ही विद्या पिढ्यान् पिढ्या जतन केली. दसरा-दिवाळीनंतर पूर्वेकडील कोरड्या मुलखातून मेंढ्यांचे वाडे घाट उतरून कोकणात जात. वाटेत शेतकरी आपल्या शेतात कळप बसवून खत घेत आणि मोबदल्यात धान्य देत. ज्या जाळ्याने आपण रात्री मेंढरे कोंडतो त्या वाघरीचे नाव संस्कृतातील ‘वागुरा’ या शब्दाशी जुळते, आणि वागुरा म्हणजे शिकाऱ्याचे जाळे! शिकारी व मेंढपाळ किती जवळचे होते, याची ही खूण समजावी.

मग बदल झाला. 1858 साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी धावू लागली आणि गिरणीचा माल मावळच्या दारात आला. 1925 साली ठाण्यास सुरू झालेली रेमंडची गिरणीही प्रथम जाडीभरडी कांबळीच काढीत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देहूरोडला लष्कराची भांडारे उभी राहिली, आणि 1958 साली येथे छावणी मंडळ स्थापन झाले. उबदार वस्त्राचे मोल लष्कराइतके कोणास कळावे? 1962 च्या ऑक्टोबरात ईशान्य सीमेवर आपले अनेक जवान सुती गणवेशात हिमालयाच्या थंडीला सामोरे गेले, ही वेदना देश विसरलेला नाही.

शिकारीचा काळही सरला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला बंदी घातली, आणि ते योग्यच झाले. परंतु पिकाची राखण संपलेली नाही. रानडुकरे आजही शेतात उतरतात आणि शेतकरी आजही माळ्यावर कुडकुडत बसतो. फक्त त्याच्या अंगावर बहुधा कृत्रिम धाग्याचे ब्लँकेट असते.

दुःखाची गोष्ट अशी की, आज पुष्कळ ठिकाणी लोकरीला कातरणीच्या खर्चाइतकाही भाव मिळत नाही व ती फेकून दिली जाते. मांसासाठी अधिक दर मिळतो म्हणून माडग्याळसारख्या कमी लोकरीच्या जातीकडे मेंढपाळ वळत आहेत. संसार चालवणाऱ्यास दोष देता येत नाही. पण दख्खनी मेंढी गेली तर तिच्यामागोमाग माग, खळ, कुंचा आणि त्यांच्याभोवतीची आपली सारी शब्दसंपत्ती जाईल, आणि ती पुन्हा विकत मिळणार नाही.

म्हणून आमची ज्ञातिबांधवांना व भगिनींना नम्र विनंती आहे की, घरातील जुनी घोंगडी अडगळीत टाकू नये. तिला ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवावी. घरातील वृद्धांना विणकामातील एकेका अवजाराचे नाव विचारून लिहून घ्यावे. लग्नकार्यात आहेर करताना निदान एक घोंगडी विणकराकडूनच घ्यावी. गौरवाच्या भाषणांनी हा धंदा टिकणार नाही. त्याला गिऱ्हाईक हवे आहे, आणि ते पहिले गिऱ्हाईक आपणच झाले पाहिजे.