हातसडीचा तांदूळ आणि क्रोमियमची गोळी

भोरजवळचे आंबवडे ओळखले जाते ते नागेश्वराच्या मंदिरामुळे आणि कान्होजी जेधे व शंकराजी नारायण सचिव यांच्या समाध्यांमुळे. पण या मुलखाचा एक इतिहास उखळातही आहे. खाचरात भात आणि डोंगरउतारावर नाचणी-वरई, ही मावळची जुनी पिके. घरोघरी बायका मुसळाने साळी कांडत, तूस पाखडून टाकत. दाण्यावरचा कोंड्याचा पापुद्रा बराचसा टिकून राही. तोच हातसडीचा तांदूळ. पुढे गिरणी आली, दाणा पांढराशुभ्र झाला आणि बायकांच्या खांद्यांवरचे मोठे ओझे उतरले. तांदूळ सडण्याच्या या बदलातून जगाच्या आहारशास्त्राला एक खरा धडा मिळाला. मधुमेहावर क्रोमियमची गोळी सुचवणाऱ्यांनी त्या धड्याचा साचा तेवढा घेतला. पुराव्याची तेवढी कसोटी मात्र लावली नाही, असे माझे म्हणणे आहे.

तो धडा असा. 1890च्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आयकमन यांना दिसले की, सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा मिळाला की त्या बऱ्या होतात. माणसांतल्या बेरीबेरीचे कोडे त्यातून सुटत गेले. कोंड्यातले ते द्रव्य म्हणजे ब1 जीवनसत्त्व. गांधीजींच्या प्रेरणेने 1934 साली वर्ध्यात स्थापन झालेल्या, जे. सी. कुमारप्पांनी सांभाळलेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने हातसडीच्या तांदळाचा प्रचार केला, त्यामागे गावातल्या रोजगाराबरोबर पोषणाचा हा विचारही होता. इथे साखळी पुरी होती: द्रव्य काढले की आजार येतो, परत दिले की जातो, आणि ते शरीरात काय काम करते हेही पुढे उलगडले.

क्रोमियमची गोष्टही अशीच सुरू झाली. अमेरिकेत क्लाउस श्वार्झ आणि वॉल्टर मेर्ट्झ यांनी 1957 साली उंदरांवरील प्रयोगांतून रक्तातली साखर आवरणाऱ्या एका घटकाची कल्पना मांडली, आणि 1959 मध्ये तो घटक त्रिसंयुजी क्रोमियम असल्याचे सांगितले. 1977 मध्ये टोरंटोतल्या एका रुग्ण स्त्रीची माहिती प्रसिद्ध झाली. साडेतीन वर्षांहून अधिक काळ तिला शिरेवाटे आहार दिला जात होता. रोज 250 मायक्रोग्रॅम क्रोमियम दिल्यावर तिची बिघडलेली साखर सुधारली. पण पुढे साखळी तुटली. जुन्या प्रयोगांतल्या आहारात क्रोमियम नेमके किती होते, हे मोजलेलेच नव्हते. 2011 मध्ये अलाबामा विद्यापीठात धातू नसलेल्या पिंजऱ्यांत, अत्यल्प क्रोमियमच्या आहारावर सहा महिने ठेवलेल्या उंदरांची साखर बिघडली नाही. 2014 साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने निष्कर्ष काढला की, क्रोमियम शरीराला अत्यावश्यक असल्याचा पटण्याजोगा पुरावा नाही.

यावर कोणी म्हणेल, कोंड्याबरोबर क्रोमियमही जातेच. मग गोळी तेच परत देते. कोंड्यात क्रोमियम असते, हे खरे. पण त्याच्याबरोबर तंतू आणि मॅग्नेशियमही जातात, ते या गोळीत नसतात. शिवाय आपल्या स्वयंपाकघरात क्रोमियम दुसऱ्या वाटेने आले आहे. कल्हईच्या पितळी भांड्यांची जागा स्टेनलेस स्टीलने घेतली, आणि त्या पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते. आंबट आमटी त्यात शिजली की अंशमात्र अन्नात उतरते. स्टील घरोघरी पोचले त्याच काळात मधुमेह वाढला. म्हणून स्टीलला दोष देता येणार नाही, पण क्रोमियमच्या तुटवड्यानेच मधुमेह वाढला हे म्हणणे त्यामुळे लंगडे पडते. खरी कारणे अधिक गुंतागुंतीची आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुणे जिल्ह्यातील काही गावांत केलेल्या अभ्यासात दिसले की, इथली बाळे वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते. मधुमेहाची मुळे अशी आईच्या पोटापर्यंत जातात. चढणीवरची मेहनत सुटली आणि ताट बदलले, ही त्यापुढची कारणे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: 1997 साली चीनमध्ये 180 रुग्णांवर झालेल्या चाचणीत क्रोमियम पिकोलिनेटने साखर उतरली होती. ती उतरली, हे मान्य. पण नंतरच्या चाचण्यांचे निकाल एकसारखे आले नाहीत. घेऊन पाहायला काय हरकत, असेही विचारले जाते. कारखान्याच्या सांडपाण्यातले कर्करोगकारक षट्संयुजी क्रोमियम वेगळे आणि गोळीतले वेगळे, हे आधी स्पष्ट करायला हवे. गोळीतले फारच थोडे अंगात शोषले जाते आणि नेहमीच्या मात्रेत बहुतेकांना ते बाधत नाही. तरीही रोज 600 ते 2400 मायक्रोग्रॅम घेतलेल्या काही जणांची मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. आणि इन्सुलिन घेणाऱ्याची साखर त्याने धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून डॉक्टरांना न विचारता ती घेऊ नये, आणि तिच्या भरवशावर औषध तर मुळीच थांबवू नये.

बायकांनी पुन्हा उखळापाशी बसावे, असे यातून निघत नाही. त्यांचे ते कष्ट गेले, हे चांगलेच झाले. पण गिरणीतही तांदळाला किती पॉलिश करायचे हे आपण सांगू शकतो. कोंडा राखण्यामागे आयकमनच्या कोंबड्यांपासूनचा तपासलेला पुरावा आहे. क्रोमियमच्या गोळीने तो अजून दिलेला नाही.