हस्तोपचार
बोटांपासून खांद्यापर्यंतच्या इजेनंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर हाताची हालचाल, पकड व संवेदना परत मिळवून देणारी विशेष उपचारशाखा. व्यवसायोपचार वा भौतिकोपचार शिकलेले तज्ज्ञ हे काम करतात. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी अमेरिकेत शल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांच्या मार्गदर्शनाखाली हस्तशस्त्रक्रियेची केंद्रे निघाली आणि या शाखेला बळ मिळाले. तेथील हस्तोपचारतज्ज्ञांची संघटना १९७७ मध्ये स्थापन झाली.

बोट वाकवणारा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) तुटतो तेव्हा या उपचाराची खरी कसोटी लागते. तळहाताच्या वरच्या भागापासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत दोन कंडरा एकाच अरुंद आवरणातून सरकतात. शिवल्यानंतर बोट स्थिर ठेवले तर कंडरा भोवतीच्या ऊतींना चिकटतो व बोट आखडते. जोर लावला तर शिवण तुटते. म्हणून बोटे मुळाशी वाकलेली ठेवणारा स्प्लिंट हाताच्या मागच्या बाजूने बसवून पहिल्या काही दिवसांतच मोजूनमापून हालचाल सुरू करतात. स्प्लिंट साधारण ६ आठवडे असतो. जड कामाला सुमारे ३ महिने थांबावे लागते. घरी नेमाने केलेला व्यायाम इथे शस्त्रक्रियेइतकाच मोलाचा आहे.

भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरोगाने आकसलेल्या हातांवर कंडरा-स्थलांतराच्या (कंडरा दुसऱ्या जागी जोडण्याच्या) शस्त्रक्रिया सुरू केल्या. त्यानंतर स्थलांतरित स्नायूला नवे काम शिकवावे लागे. या रोगाने बधिर झालेल्या बोटांना चटका बसू नये म्हणून गरम भांडे कसे धरावे, हेही रुग्णाला शिकवावे लागे.