मुरलीकांत पेटकर : नऊ गोळ्या लागलेला बॉक्सर, देशाचा पहिला पॅरालिम्पिक सुवर्णवीर

उमरगा : सैन्यभरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं तालुक्यातल्या गावागावात दिसतात. २०२४ ला ‘चंदू चॅम्पियन’ सिनेमा आला तेव्हा यातल्या अनेकांच्या तोंडी मुरलीकांत पेटकर हे नाव पहिल्यांदा आलं. सिनेमात थोडा मसाला असतोच. म्हणून खरा माणूस कोण, त्यांनी काय केलं, ते इथं थोडक्यात.

गाव आणि सैन्य
पेटकरांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ चा. गाव सांगली जिल्ह्यातलं पेठ, इस्लामपूरजवळ. लहानपणी कुस्तीची आवड. पुढं ते सैन्यात गेले आणि ईएमई म्हणजे गाड्या, यंत्रं, हत्यारं दुरुस्त करणाऱ्या दलात जवान झाले. हे दल सिकंदराबादला. आपल्या उमरग्यावरून जाणारा सोलापूर-हैदराबाद महामार्ग तिकडंच जातो. तिथं त्यांच्या हातात बॉक्सिंगचे ग्लोव्हज आले. १९६४ मध्ये टोकियोला सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही ते गेले.

हौशी आणि व्यावसायिक बॉक्सिंग म्हणजे काय?
ऑलिम्पिक, आशियाई आणि सैन्यदलाच्या स्पर्धा या हौशी प्रकारात येतात. लढत साधारण तीन फेऱ्यांची असते आणि पदक मिळतं. व्यावसायिक लढतीत ठरलेले पैसे मिळतात, मोठी लढत बारा फेऱ्यांपर्यंत चालते. वजनाचे गट दोन्हीकडे असतात. लाइटवेट म्हणजे हलक्या वजनाचा गट हौशी खेळात बरीच वर्षं ६० किलोपर्यंत होता, व्यावसायिक खेळात तो १३५ पौंड म्हणजे साधारण ६१.२ किलोपर्यंत आहे. पेटकरांच्या काळात आपल्याकडं व्यावसायिक बॉक्सिंगवर पोट भरण्याची सोय नव्हती. गरीब घरच्या खेळाडूला खुराक, सराव आणि पगार एकाच जागी मिळायचा तो सैन्यात.

१९६५ : रिंग सुटली
१९६५ च्या भारत-पाक युद्धात पेटकरांना गोळ्या लागल्या. नऊ गोळ्या लागल्याचं सांगितलं जातं. एक मणक्यात अडकली आणि कमरेखालचं अंग गेलं. तेव्हा त्यांचं वय अवघं वीस. बॉक्सिंग तिथंच संपलं. उपचाराचा भाग म्हणून पोहणं सुरू झालं आणि बॉक्सिंगनं कमावलेले खांदे अन् दंड पाण्यात कामाला आले.

पदकांचा प्रवास
१९६८ ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले आणि पहिली फेरी जिंकले. त्यानंतर आलं १९७२. त्या वर्षी ऑलिम्पिक जर्मनीत म्युनिकला होतं, पण दिव्यांगांच्या स्पर्धा हायडेलबर्गला झाल्या. तिथं ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये पेटकरांनी ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक घेतलं. भालाफेकीसह आणखी तीन प्रकारांत ते अंतिम फेरीत होते. वैयक्तिक खेळात ऑलिम्पिक किंवा पॅरालिम्पिकचं सुवर्ण आणणारे ते पहिले भारतीय. अभिनव बिंद्राचं ऑलिम्पिक सुवर्ण आलं २००८ ला. पॅरालिम्पिकमध्ये भारताला पुढचं सुवर्ण मिळालं ते २००४ मध्ये, देवेंद्र झाझडियाच्या भाल्यानं. मधी बत्तीस वर्षं गेली.

मान मिळायला अर्धं शतक
पुढं पेटकरांनी पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी केली. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी केलेली मागणी नाकारली गेली. २०१८ ला पद्मश्री मिळाली तेव्हा वय ७३. २०२४ सालचा अर्जुन जीवनगौरव पुरस्कार त्यांनी १७ जानेवारी २०२५ ला राष्ट्रपतींच्या हस्ते घेतला, तेव्हा ८० पूर्ण झाली होती. त्याच सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याच्या सचिन खिलारीनं २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवलं, तर काही तासांत देशभर नाव झालं. काळ बदलला तो असा.

गावातल्या पोरांसाठी
राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते क्रीडा खात्याकडून तपासून घ्यावं लागतं. नोकरीची जाहिरात निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे काम आधीच उरकलेलं बरं. दिव्यांगांसाठी सरकारी नोकरीत ४ टक्के जागा वेगळ्या आहेत. घरात किंवा शेजारी दिव्यांग पोरगं असेल अन् त्याच्या हातात ताकद असेल, तर त्याला घरात बसवून ठेवू नका. गोळाफेक, भालाफेक, पोहणं या तिन्ही खेळांत त्यांच्यासाठी वेगळे गट असतात. चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करता येते.