पराभवाचे वजन

घोड्यांची शर्यत म्हटली की आपल्याला महालक्ष्मीचे मैदान आठवते आणि त्यापाठोपाठ जुगार. मात्र या खेळाच्या मुळाशी न्यायाचा एक जुना प्रश्न आहे. हरलेला घोडा नेमका किती हरला, आणि हे 'किती' मोजायचे कशात?

हँडिकॅप शर्यतीत अधिक गुणवान घोड्याच्या पाठीवर अधिक वजन देतात. सर्वांना जिंकण्याची संधी सारखी मिळावी, हा हेतू. त्यासाठी आधीच्या शर्यतींतील अंतराचे वजनात रूपांतर करावे लागते. अंतर मोजण्याचे एकक म्हणजे घोड्याची लांबी, साधारण आठ फूट.

१८५० साली इंग्लंडमध्ये डॉनकॅस्टर कपच्या शर्यतीत तीन वर्षांच्या व्होल्टिजरने चार वर्षांच्या फ्लाइंग डचमनला अर्ध्या लांबीने हरवले. तोवर अजिंक्य असलेल्या डचमनच्या पाठीवर वजन अधिक होते. मग हार घोड्याची की वजनाची? निवाड्यासाठी १३ मे १८५१ रोजी यॉर्कला दोघांची पुन्हा शर्यत झाली. वजने ठरवली अ‍ॅडमिरल हेन्री राउस यांनी. वयाने एका वर्षाने मोठ्या डचमनवर त्यांनी साडेआठ पौंड अधिक चढवले. डचमन एका लांबीने जिंकला. पुढे १८५५ मध्ये राउस इंग्लंडचे सार्वजनिक हँडिकॅपर झाले. वयानुसार वजनाचे त्यांचे कोष्टक आजच्या कोष्टकांचा पाया मानले जाते.

आज रूढ असलेल्या ठोकताळ्यानुसार पाच फर्लांगांच्या शर्यतीत एक लांबी म्हणजे सुमारे तीन पौंड, मैलाच्या शर्यतीत सुमारे दोन आणि लांब पल्ल्यात जेमतेम एक. कारण उघड आहे. अंतर वाढते तसा जादा वजनाचा परिणाम साचत जातो, म्हणून थोडे वजनही तेवढाच फरक पाडते.

तरीही हा आकडा निर्विवाद नाही. जिंकणार हे दिसताच जॉकी लगाम आवरतो, तेव्हा अंतर खरे असूनही खोटे बोलते. भिजलेल्या मैदानावर दमलेले घोडे फार मागे पडतात, मग तीच लांबी स्वस्त होते. शिवाय दीर्घकाळ हे अंतर पंचांच्या नजरेनेच ठरे. ब्रिटनमध्ये शेवटच्या रेषेवर छायाचित्र घेण्याची पद्धत आली ती १९४७ साली. गणिताचे शिक्षक असलेले फिल बुल यांनी घड्याळातील वेळेला महत्त्व दिले आणि १९४८ मध्ये 'टाइमफॉर्म' सुरू केले. पण वेळ वाचायची तरी मैदान कसे होते, शर्यत कोणत्या गतीने धावली गेली, हे पाहावेच लागते.

आम्हा अध्यापकांना हा पेच अपरिचित नाही. दोन उत्तरपत्रिकांत तीन गुणांचा फरक असतो. सोप्या प्रश्नपत्रिकेतले तीन गुण आणि अवघड प्रश्नपत्रिकेतले तीन गुण सारखे नसतात, हे आपण जाणतो. गुणपत्रिकेत मात्र ते सारखेच उतरतात. राउस यांनी निदान दोन घोड्यांच्या वयातला फरक आधी हिशेबात धरला होता.